गाडी यार्डात, हप्ता खात्यात: वाहनकर्ज देणाऱ्या बँकांना खुले पत्र

प्रति,
वाहनकर्ज विभागप्रमुख,
नाशिक शहरात मोटारींना कर्ज देणाऱ्या सर्व बँका व वित्तसंस्था

स.न.वि.वि.

गाडी विकली जाईपर्यंत तुम्ही शोरूमचे असता. नाशिक-पुणे रोडवरचं असो की मुंबई-आग्रा महामार्गावरचं, कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये शिरलं की तुमच्या नावाची पाटी लावलेलं टेबल दिसतं, मागे तुमचा माणूस बसलेला असतो, आणि गाडीचा रंग ठरायच्या आत कर्जाचा आकडा ठरलेला असतो. त्याच गाडीत मूळचाच दोष निघाला आणि गिऱ्हाईकाने ती परत नेऊन लावली, की तेच टेबल म्हणतं, ‘साहेब, गाडीचं शोरूमला विचारा, आमचा संबंध फक्त हप्त्याशी.’ सोयीने जोडायचा आणि सोयीने तोडायचा हा जो तुमचा संबंध आहे, त्याविषयी हे पत्र आहे.

मी बाहेरून बोलत नाही. नोकरीची बरीच वर्षं मी एका बँकेच्या कर्जविभागात काढली. वाहनकर्जाच्या फायली तपासल्या, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा चढला की नाही हे पाहायला पेठ रोडच्या आरटीओत माणसं पाठवली, थकलेल्या खातेदारांना फोन केले. निवृत्तीनंतर सिडकोत ओळखीपाळखीच्या लोकांना ग्राहक तक्रारीचे अर्ज लिहून देते. त्यामुळे तुमची बाजू मला तोंडपाठ आहे, आणि तिच्यात खरं किती आणि सवयीचं किती, तेही कळतं.

ज्या प्रकरणामुळे लिहायला बसले ते थोडक्यात सांगते. अशांपैकीच एक मुलगा अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतात, बायको खासगी शाळेत शिकवते. दसऱ्याला गाडी घेतली, पेट्रोल, ऑटोमॅटिक. कर्जाला दोघं सहकर्जदार. पहिल्याच महिन्यात कसारा घाट चढताना गाडीने गिअर सोडला. इंजिन ओरडतंय, चाकांना ओढ नाही, आणि मागे कंटेनर. वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट केलं. पुन्हा तेच झालं. मग गिअरबॉक्स खोलला, बसवला. पुन्हा तेच. मग ‘रस्त्यांमुळे होतं मॅडम, सध्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत ना,’ असं उत्तर त्याच्या बायकोला मिळालं. (गिअरबॉक्सचा आणि सिंहस्थाचा संबंध मला अजून लागलेला नाही.) प्रत्येक खेपेच्या जॉब कार्डवर शेवटी तोच शेरा: तपासले, दोष आढळला नाही.

शेवटी त्याने गाडी वर्कशॉपच्या यार्डात उभी केली, किल्ली दिली, ‘ही गाडी मला नको, माझे पैसे परत करा’ असं पत्र देऊन पोच घेतली. मॅनेजर म्हणाला, कंपनीशी बोलणं चालू आहे, हप्त्याची काळजी करू नका. पोच लेखी मिळाली. हे वाक्य तोंडी मिळालं. गाडीच नाही तर हप्ता कसला, असं धरून त्याने खात्यात पैसे ठेवणं बंद केलं. तुमच्यापैकी एका संस्थेने नेमाने हप्ता सादर केला, तो नेमाने परत गेला, प्रत्येक वेळी बाउन्सचा दंड आणि त्यावर जीएसटी लागला. वसुलीचा माणूस सासुरवाडीला जाऊन आला. पुढे या दोघांनी फ्लॅटसाठी दुसऱ्या बँकेत अर्ज केला तेव्हा दोघांचेही पतअहवाल निघाले आणि गाडीच्या कर्जापुढे थकलेल्या दिवसांचे ३०, ६०, ९० असे आकडे चढत गेलेले दिसले. गृहकर्ज नामंजूर झालं. बिल्डरकडे भरलेली बुकिंगची रक्कम अडकली. गाडी अजून यार्डात आहे.

या मुलाचं रोजचं काम काय, तर आलेला माल तपासणं. माप चुकलेला पार्ट आला की त्याला लाल टॅग लागतो, तो रिजेक्शनच्या पिंजऱ्यात जातो, पुरवठादाराच्या नावे डेबिट नोट निघते आणि त्याचं बिल थांबतं. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्यात हे रोज चालतं. माल सदोष असला तरी आधी पैसे द्या आणि मग भांडा, असं तिथे कोणी पुरवठादार म्हणू धजत नाही. आणि तुम्ही? त्याच कारखान्याला तुम्ही कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर खेळतं भांडवल, देता. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्यातून किती उचलता येईल तो आकडा, काढताना रिजेक्ट झालेला माल तुम्ही स्वतः स्टॉकमधून वजा करता, कारण सदोष मालाला किंमत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ही अक्कल कारखान्याच्या गेटपर्यंतच चालते. कामगार गेटबाहेर येऊन स्वतःची गाडी रिजेक्ट करू पाहतो तेव्हा तुम्ही त्यालाच लाल टॅग लावता.

तुमचं उत्तर मला माहीत आहे: करारात लिहिलेलं आहे. आहेच. गाडीच्या दर्जाबद्दल, दोषाबद्दल, डिलिव्हरीबद्दल विक्रेत्याशी किंवा निर्मात्याशी काहीही वाद झाला तरी कर्जदाराने हप्ते भरतच राहायचं, अशा अर्थाचं कलम बहुतेक वाहनकर्ज करारांत असतं. करार इंग्रजीत असतो, बारीक अक्षरात असतो, आणि पानोपानी जिथे जिथे खूण केली तिथे सही करायची असते. मागे फुगे लावलेली गाडी उभी असते, हार आणलेला असतो, पोरं आत बसून हॉर्न वाजवत असतात. त्या घटकेला ते कलम कोणी वाचलं असेल तर त्याला माझा नमस्कार. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केलं, म्हणजे व्याज, सगळे आकार, वार्षिक टक्केवारी, सगळं एका तक्त्यात आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. चांगली गोष्ट आहे. पण गाडी सदोष निघाली तर काय, याला त्या तक्त्यात रकाना नाही.

आता ‘सिबिल खराब होणं’ म्हणजे नेमकं काय, ते वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. तुम्हाला ते माहीतच आहे. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क. गुणांकन ३०० ते ९०० मध्ये असतं. त्यांना माहिती तुम्ही पाठवता. जानेवारी २०२५ पासून महिन्यातून एकदा नव्हे, निदान दर पंधरवड्याला. हप्ता किती दिवस थकला याचा आकडा महिनावार लिहिला जातो आणि अहवालात छत्तीस महिन्यांचा तक्ता दिसतो. तीस दिवसांपर्यंत थकलं की तुमच्या वहीत एसएमए-० (म्हणजे डोळा ठेवायचं खातं), साठपर्यंत एसएमए-१, नव्वदपर्यंत एसएमए-२, आणि नव्वदच्या पुढे गेलं की अनुत्पादक, म्हणजे एनपीए. सहकर्जदार असेल तर हेच सगळं त्याच्याही नावावर, जामीनदाराच्याही. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत कर्जफेडीत कसूर केलेल्यांना अपात्र ठरवण्याची अट असते, म्हणजे हा आकडा नोकरीच्याही आड येतो.

चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला वाट आहे. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, उशीर झाला तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई. पण ही सगळी सोय नोंद चुकीची असेल तेव्हाची. इथे नोंद चुकीची नाही! हप्ता खरोखरच भरलेला नाही. तक्रार गेली की पतमाहिती कंपनी तुम्हाला विचारते, तुम्ही म्हणता ‘बरोबर आहे’, आणि विषय संपतो. हप्ता का भरला नाही, गाडी कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, तिचं पत्र कोणी दाबून ठेवलंय, यातलं अक्षरही त्या तक्त्यात येत नाही. कसारा घाटात गिअर सोडणाऱ्या गाडीचा मालक आणि गाडी विकून पसार झालेला कर्जबुडवा, दोघंही त्यात सारखेच दिसतात.

बरं, शोरूमने गाडी परत घेतली तरी सुटका होते का? आकडे मांडून पाहा. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ८० हजार. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर, म्हणजे १ लाख ७ हजार ८००. विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर साडेअकरा लाखांना आली. कर्ज ९ लाख, साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी; हप्ता सुमारे १८ हजार ९००. पदरचे अडीच लाख गेले. आठ हप्ते भरले म्हणजे दीड लाखाच्या वर गेले, त्यातले ५४ हजार निव्वळ व्याज. आठव्या हप्त्यानंतर मुद्दल शिल्लक राहते ८ लाख ३ हजार.

आता कंपनी उदार झाली आणि म्हणाली, एक्स-शोरूम किमतीतून पंधरा टक्के घसारा कापून गाडी परत घेतो. हातात ८ लाख ३३ हजार. तुमचा फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा, आकार समजा चार टक्के, त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ३८ हजारांच्या आसपास. कर्ज बंद करायला लागतात ८ लाख ४१ हजार. म्हणजे ज्याने चार लाख घातले, सदोष गाडी परत केली, त्याच्याकडेच तुमचे आठ हजार निघतात! कर आणि विमा तर कुठे हिशोबातही नाहीत. आणि हे आठ हजार तो भरत नाही म्हणाला, तडजोड झाली, तर त्याच्या अहवालात कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शब्द बसतो. तो शब्द पाहिला की पुढचा कर्ज अधिकारी फाईल बाजूला ठेवतो. मीही ठेवली असती, कारण त्या शब्दाखाली गाडीची गोष्ट लिहिलेली नसते.

दुसरा रस्ता म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात देणं, ‘सरेंडर’. लोकांना वाटतं, गाडी दिली की कर्ज फिटलं. तुम्ही ती लिलावात विकता, सदोष गाडीला भाव तो काय येणार, आणि तूट पुन्हा त्याच माणसाकडे मागता. यार्डात नुसती उभी ठेवली तर आरसीवर नाव त्याचंच राहतं. यार्डातल्या पोराने ट्रायलला काढून कोणाला धडक दिली तर नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्टच केलं आहे. आणि शोरूमला ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असेल तर तुमची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळून बोजा उतरल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. तेव्हा ‘आमचा संबंध नाही’ हे वाक्य आरटीओच्या खिडकीवर तरी टिकत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हप्त्याने घेणाऱ्यालाही ग्राहकच मानतो. दोष सिद्ध झाला तर जिल्हा ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली किंवा व्याजासह परतावा सांगू शकतो. पाच ते दहा लाखांच्या गाडीला तक्रारीची फी दोनशे रुपये, आणि तक्रार आपण राहतो तिथेच करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची. तपासणी लागली तर पाच महिन्यांत, नाहीतर तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कलम ३८ सांगतं. प्रयत्न व्हावा, असं. प्रत्यक्षात तारखा पडत जातात आणि साठ हप्त्यांचं कर्ज निकालाच्या आधी फिटतं की काय अशी वेळ येते. शिवाय ‘मूळ उत्पादनदोष’ सिद्ध करायचं ओझं गिऱ्हाईकावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलेलं आहे की वॉरंटीत पार्ट बदलून देणं बसत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून तर जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ हे तीन शब्द इतक्या आवडीने लिहिले जातात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं. त्यात सरकारने परत बोलावलेल्या सदोष गाड्यांची पूर्ण किंमत निर्मात्याने द्यावी, किंवा गाडी बदलून द्यावी, किंवा दुरुस्त करावी, असं आहे. आणि पूर्ण किमतीच्या पुढे ‘भाडेखरेदी किंवा तारण कराराच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांना दिसत होतं की गाडीमागे कर्ज असतं आणि परतीचा पैसा आधी तिकडे वळतो. फक्त हे कलम सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या आणि अनेक गाड्यांत निघालेल्या दोषासाठी आहे. पाथर्डी फाट्याच्या एका गाडीसाठी सरकार रिकॉल काढणार नाही.

इतर देशांत हा प्रश्न कर्जदात्यापाशीच जाऊन भिडला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये नियम केला की विक्रेत्याने स्वतः उधारीवर दिलेल्या, किंवा त्याने पाठवलेल्या गिऱ्हाईकाला कर्जदात्याने दिलेल्या पैशाच्या करारातच छापायचं: विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाचे जे दावे आणि बचाव असतील, ते कर्ज धारण करणाऱ्याविरुद्धही चालतील. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ ठरावीक किमतीपर्यंतच्या खरेदीत, विक्रेत्याशी आधीच संधान बांधलेल्या कर्जदात्याला विक्रेत्याच्या जोडीने जबाबदार धरतं. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला: गिऱ्हाईक कर्जदात्याकडे आपणहून आलं की विक्रेत्याने आणून बसवलं? शोरूममधल्या तुमच्या टेबलाला हा प्रश्न विचारला तर उत्तर काय येईल, ते तुम्हीच सांगा.

तुमची एक हरकत मात्र मी खोडून काढणार नाही. दोषाचं निमित्त करून हप्ते बुडवणारे असतात. काचेवर चरा गेला म्हणून ईएमआय थांबवणारा खातेदार मी पाहिलेला आहे. ठेवीदारांचा पैसा अशांच्या भरवशावर सोडता येत नाही, हेही मान्य. पण म्हणूनच तर खरं-खोटं ठरवायची कसोटी हवी, आणि ती अवघड नाही. त्याच दोषासाठी गाडी वारंवार वर्कशॉपमध्ये गेली का, हे जॉब कार्डवर तारखेसह असतं. गाडी आज कोणाच्या ताब्यात आहे, हे पोचपावतीवर असतं. आयोगात तक्रार दाखल झाली का, याला क्रमांक असतो. हे तिन्ही कागद घेऊन आलेला माणूस चरेवाला नसतो. उत्पन्नाचे दाखले तपासताना तुम्ही यापेक्षा बारीक छाननी करता.

अशा माणसासाठी तुम्ही काय करू शकता? एक म्हणजे, वाद आयोगात किंवा निर्मात्याकडे प्रलंबित असेपर्यंत थकबाकीचा आकडा नुसता न पाठवता, वाहनाच्या दोषाबद्दल वाद चालू असल्याची नोंद त्याबरोबर पाठवा, आणि पतमाहिती कंपन्यांच्या नमुन्यात तशी जागा नसेल तर ती मागा. तुमच्या संघटना व्याजदरांसाठी दिल्ली-मुंबईच्या खेपा घालतातच. ही एक मागणी त्यात घाला. गाडी कंपनीने परत घेतली तर फोरक्लोजरचा आकार माफ करा. तो आकार, मुदतीआधी फेडून तुमचं व्याज बुडवणाऱ्याकडून घ्यायचा असतो. सदोष माल परत करणाऱ्याकडून तो घेणं मला तरी लाजिरवाणं वाटतं. परतीची रक्कम थेट कर्जखात्यात आली आणि थोडी तूट राहिली, तर ती शोरूमकडून वसूल करा आणि खातं ‘क्लोज्ड’ दाखवा. ‘सेटल्ड’ लिहू नका.

शोरूमकडून वसूल कशी करणार, असं विचारू नका. त्याच शोरूमला गाड्यांचा साठा भरायला पैसा तुमच्यापैकीच कोणीतरी दिलेला असतो. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल शोरूमला जो मोबदला जातो, तोही तुमच्याच खात्यातून जातो. तुमच्या एका फोनने शोरूमचा मालक ताठ बसतो. गिऱ्हाईकाच्या दहा पत्रांनी त्याचा सर्व्हिस ॲडव्हायझरही मान वर करत नाही. वजन तुमचं आहे, ते आजवर तुम्ही एकाच बाजूला टाकलंत.

गिऱ्हाईकांना मात्र मी आज वेगळंच सांगते, आणि सांगताना मला ते आवडत नाही: हप्ता थांबवू नका. गाडी यार्डात असली तरी भरा, आणि ‘माझे हक्क राखून, निषेध नोंदवून भरत आहे’ असं बँकेला लेखी कळवा. नॅचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता पैसे नसल्याने परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे, हे बहुतेकांना समन्स येईपर्यंत ठाऊक नसतं. आयोगात जाताना शोरूम आणि निर्मात्याबरोबर बँकेलाही सामनेवाला करा आणि अंतरिम अर्जात निकालापर्यंत हप्त्यांना आणि पतअहवालातल्या नोंदीला स्थगिती मागा. कलम ३८ खाली आयोग अंतरिम आदेश देऊ शकतो. मिळेलच असं नाही. जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि चारही कंपन्यांचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून ठेवा.

पण मी हे सांगते तेव्हा समोरचा मला विचारतो, ‘म्हणजे बंद गाडीचे पैसे भरायचे, वर रिक्षाचे भरायचे आणि वकिलाचेही?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. ते तुम्ही द्यायचं आहे.

सुरुवात अगदी लहान करा. गाडी सदोष असल्याचं पत्र घेऊन आज तुमच्या शाखेत गेलं तर ते कोणी घेत नाही. काउंटरवरून कर्ज विभागात, तिथून ‘हे मुंबईच्या ऑफिसला मेल करा’, आणि मेलला येतं ते यंत्राने लिहिलेलं इंग्रजी उत्तर. असं पत्र स्वीकारायला शाखेत एक माणूस नेमा आणि त्याचं नाव शोरूममधल्या तुमच्या टेबलावर लावा, व्याजदराच्या पाटीशेजारी. त्या मुलाचं पत्र, जॉब कार्डं आणि यार्डाची पोच घेऊन मी येत्या सोमवारी तुमच्यापैकी एकाच्या शाखेत येणार आहे. इनवर्डचा शिक्का तयार ठेवा.

आपली,
एक निवृत्त कर्ज अधिकारी
सिडको, नाशिक